तुमच्या चालीची वाट पाहणारा खेळ

आपली मुले दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, ही तक्रार जुन्नर-आंबेगावच्या बौद्धवाड्यांत आता प्रत्येक बैठकीत ऐकू येते. जयंतीच्या वर्गणीसाठी जमा, नाहीतर वर्षावासातल्या ग्रंथवाचनासाठी जमा, शेवटी बोलणे तिथेच येते. आईबापांचे म्हणणे एकच असते, "खेळ म्हणजे खेळ, सगळे सारखेच. काढून घ्या तो मोबाईल." आम्हाला हे म्हणणे पटत नाही. विटीदांडू आणि मटका यांना आपण कधी एका तराजूत घातले नाही. मग मोबाईलमधले सगळे खेळ तेवढे एका तराजूत का घालावेत?

मुळात आपल्या भागातली मुले दिवेलागणीनंतर घरात कोंडली का जातात, हे आधी लक्षात घ्या. ऊस वाढला, उसात बिबट्या वाढला. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, तरी शिवारातला बिबट्या शिवारातच आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या पट्ट्यात थोड्याच दिवसांत तीन माणसे गेली, त्यांत दोन लहान मुले होती. लोक चिडून मंचरजवळ पुणे-नाशिक रस्त्यावर बसले. अशा गावात सात वाजता पोराला "जा, बाहेर खेळ" म्हणणारी आई कुठून आणायची? ती दाराला कडी लावते आणि पोराच्या हातात मोबाईल देते. (पोराच्या म्हणतो ते मुद्दाम. पोरीच्या हातात त्या वेळी बहुतेक घरांत भांडी असतात. तो विषय वेगळा आहे आणि आम्ही तो सोडलेला नाही.)

म्हणून मोबाईल काढून घ्या असे सांगण्यापेक्षा त्यात कोणता खेळ चालला आहे ते आईबापांनी बघावे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी एक खेळ थोडा उलगडून सांगतो.

घोडेगावच्या बाजूचा, आयटीआय करणारा आमच्या ओळखीचा एक मुलगा आहे. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा तो मोबाईल समोर धरून बसला होता आणि बोट काही हलत नव्हते. चार-पाच मिनिटे झाली. त्याच्या आईला वाटले, मोबाईल अडकला. आम्ही विचारले, "खेळतोस का नुसता बघतोस?" तो म्हणाला, "काका, विचार करतोय. चुकलं तर पहिल्यापासून." मोबाईलवर खेळणाऱ्या पोराच्या तोंडून 'विचार करतोय' हे शब्द आम्ही प्रथमच ऐकले. बसलो त्याच्या शेजारी.

त्या खेळाचे नाव 'हॉप्लाइट'. डग्लस काउली नावाच्या माणसाने केलेला हा खेळ २०१३ साली आला. पडद्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा कोनी घरे असतात. एका घरात आपला शिपाई उभा असतो, हातात भाला आणि ढाल. आसपासच्या घरांत शत्रू असतात. आपण एक चाल करायची, मग सगळ्या शत्रूंनी एकेक चाल करायची, मग पुन्हा आपली पाळी. आपण चाल केली नाही तर कोणीही हलत नाही. तासभर बसून राहा, खेळ तासभर थांबतो. चहा पिऊन या, दळण घेऊन या, तो तिथेच असतो. धावपळीच्या, गोळ्या झाडण्याच्या खेळांत ही सवड मिळत नाही. तिथे जो थांबला तो मेला.

प्रत्येक शत्रूचा नियम ठरलेला आहे. तलवारवाला फक्त लगतच्या घरातल्याला मारतो. तिरंदाज सरळ रेषेत लांबून मारतो, पण त्याला अगदी खेटून उभे राहिले तर त्याचा बाण चालत नाही. एक जण बाँब फेकतो, तो लगेच फुटत नाही, एक पाळी गेल्यावर फुटतो. म्हणजे बाँब पडलेल्या जागेवरून स्वतः सरकायचे आणि शत्रूला तिथे उभे राहायला लावायचे. आपला शिपाईसुद्धा वाटेल तसा भाला खुपसू शकत नाही. शत्रूच्या रोखाने सरळ पाऊल टाकले तर भाला लागतो, किंवा शत्रूला लगत ठेवून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकले तर लागतो. चार नियम आहेत, पण चारही एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागतात. तिरंदाजाला खेटावे तर तलवारवाला जवळ येतो, तलवारवाल्यापासून पळावे तर बाणाच्या रेषेत येतो. यात फाशांचे दान नाही. समोर आहे ते सगळे उघडे आहे. मार खाल्ला तर नशिबाला दोष देता येत नाही, आपली चाल चुकली एवढेच.

आणि जीव एकच. मेलात तर पहिल्या मजल्यापासून सुरुवात, आणि पहिला मजला आता पूर्वीसारखा राहिलेला नसतो. घरांची मांडणी बदललेली असते, शत्रू दुसऱ्या जागी उभे असतात. पाठांतर करून हा खेळ जिंकता येत नाही. गाईडमधले उत्तर उतरवून काढायची सवय लागलेल्या आपल्या मुलांना हे फार जड जाते, आणि आमच्या मते म्हणूनच ते चांगले आहे.

अशा खेळांच्या जातीला 'रोगलाइक' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, यातला 'रोग' म्हणजे आजार नव्हे. इंग्रजीत 'रोग' म्हणजे बदमाश, भामटा. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला, पुढे केन अर्नोल्ड त्यांना मिळाला. त्या वेळच्या संगणकाच्या पडद्यावर चित्रे नव्हती, नुसती अक्षरे होती. म्हणून त्यांनी अक्षरांचेच जग उभे केले. आज ईमेलच्या पत्त्यात मधे येते ती 'ॲट'ची खूण म्हणजे खेळाडू. इंग्रजीची ए पासून झेडपर्यंत सव्वीस मोठी अक्षरे म्हणजे सव्वीस प्रकारचे राक्षस. आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती. सव्वीस मजले खाली उतरायचे, तिथून एक ताईत घेऊन परत वर यायचे. ताईतासाठी एवढा खटाटोप पाहून बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हसू येईल, पण त्यामागची युक्ती पाहा. तळघराचा नकाशा संगणक दर वेळी नवा तयार करायचा. त्यामुळे ज्याने खेळ लिहिला त्यालासुद्धा पुढच्या वळणावर काय आहे ते ठाऊक नसायचे. लिहिणारा आणि खेळणारा एकाच पायरीवर! पुढे या खेळाच्या वळणावर शेकडो खेळ निघाले. १९८७ चा 'नेटहॅक' त्यांतला नावाजलेला. मोबाईलवरचा 'शॅटर्ड पिक्सेल डंजन' हाही त्याच जातीचा, त्याची मूळ आज्ञावली सर्वांना वाचण्यासाठी खुली ठेवलेली आहे. शिकणाऱ्या मुलाला तो खेळ आतून कसा बांधला आहे हे उघडून पाहता येते.

'हॉप्लाइट' या शब्दाचा अर्थ आम्ही त्या मुलाला विचारला, त्याला माहीत नव्हता. हॉप्लाइट म्हणजे प्राचीन ग्रीस देशाचा भालाढाल घेतलेला पायदळी शिपाई. आपल्या जुन्नरला ग्रीक काही परके नाहीत. इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'यवन' दात्यांची नावे आहेत. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. गतांच्या इरिल यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दान दिली. गतांच्याच चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मनमोडीच्या लेण्यात चंद यवनाचे दान आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी यवन इथे येऊन भिक्खूंच्या जेवणाची आणि पाण्याची सोय करत होते. त्या मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने मोबाईल खाली ठेवला आणि विचारले, "कुठंय हे लेणं?" लेण्याद्रीच्या पायथ्यावरून तो शंभर वेळा एसटीने गेला असेल. आपल्या शाळांनी लेणी म्हणजे सहल एवढेच शिकवले, त्याला तो काय करणार?

आता मुख्य शंकेकडे येतो. आमच्या एका उपासिका ताईंनी बैठकीत रोकडा प्रश्न केला, "भगवंतांनी खेळ वर्ज्य सांगितलेत ना? मग तुम्ही खेळाची वकिली कशाला करता?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे.

दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, खेळांची एक यादी येते. अट्ठपद म्हणजे आठ-आठ घरांचा पट. दसपद म्हणजे दहा-दहा घरांचा. परिहारपथ म्हणजे जमिनीवर आखून, रेघा टाळत पाय टाकण्याचा खेळ, आपल्या ठिक्कर-बिल्ल्याच्या जवळचा. घटिका म्हणजे लांब काठीने लहान काठी उडवणे, म्हणजे आपला विटीदांडूच. खलिका म्हणजे फासे. अक्खरिका म्हणजे हवेत किंवा पाठीवर काढलेले अक्षर ओळखणे. मनेसिका म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. आणि यात आम्हाला सर्वांत नवल वाटते ते 'आकास' या खेळाचे. पट नाही, सोंगट्या नाहीत, आठ-आठ घरांचा सगळा पट मनात धरायचा आणि तोंडाने चाली सांगायच्या. त्या काळी लोक आकाशात पट मांडून खेळत होते! मोबाईलवाल्यांनी नवे काही शोधून काढले असे फार समजू नये.

पण ही यादी कोणासाठी आहे ते पाहा. श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन जे श्रमण-ब्राह्मण असल्या खेळांत वेळ घालवतात, तसे श्रमण गौतम करत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. लोकांच्या भिक्षेवर जगणाऱ्याने लोकांचा वेळ खेळात घालवू नये, हा त्यातला न्याय. विनयातही असे खेळ खेळणाऱ्या अस्सजी-पुनब्बसूच्या गटातल्या भिक्खूंची कानउघाडणी आहे. तो भिक्खूंचा नियम झाला. ठिक्कर खेळणाऱ्या पोरीला तो लावायचा नसतो.

गृहस्थासाठी तथागतांचा उपदेश वेगळ्या ठिकाणी आहे. दीघनिकायातच सिगालोवादसुत्त आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिगालाला केलेला हा उपदेश गृहस्थाच्या विनयात घेतला आहे. धन नासण्याची सहा दारे तिथे सांगितली आहेत, त्यांतले एक जुगार. जुगाराचे दुष्परिणामही सहा मोजले आहेत. जिंकणाऱ्याला वैरी मिळतात. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हाती असलेली संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र आणि सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि लग्नासाठी त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण जुगारी माणूस बायकोला पोसू शकत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या कोणत्याही वाडीवर जाऊन तपासा. शेवटचे कलमसुद्धा खोटे ठरणार नाही.

आमचे शिक्षण बी.कॉम., काम कारकुनी. पगारपत्रके आणि कर्जाच्या फायली रोज डोळ्यांखालून जातात. गेल्या काही वर्षांत कर्ज काढण्याचे एक नवे कारण आम्ही पाहिले, जे अर्जावर कधीच लिहिले जात नाही. अर्जावर 'घरदुरुस्ती' असते. पैसे गेलेले असतात मोबाईलवरच्या रमीत. एका गृहस्थाने तर बायकोच्या बचत गटाचा हप्ता तिथे घातला, तो हप्ता पुढे सहा महिने गटातल्या बायकांनी वाटून भरला. त्यांत दोघी रोजंदारीने कांदाकाटणीला जाणाऱ्या होत्या.

लोक म्हणतात, रमी तर डोक्याचा खेळ आहे, ज्याला येते तो जिंकतो. चला, हिशेब मांडू. समजा दोघे सारखेच हुशार आहेत. दर डावाला प्रत्येकी १०० रुपये लावतात. खेळ चालवणारा दर डावाला २० रुपये कापून घेतो आणि जिंकणाऱ्याला १८० देतो. दहा डाव झाले, पाच याने जिंकले, पाच त्याने. प्रत्येकाने लावले १००० आणि प्रत्येकाला मिळाले ९००. दोघेही बरोबरीत सुटले आणि दोघांचेही शंभर-शंभर गेले! पन्नास डाव खेळा, पाचशे-पाचशे जातील. हुशारी वाढली म्हणून ही गळती थांबत नाही. हुशार माणूस फक्त दुसऱ्या गरिबाच्या खिशातून आपली गळती भरून काढतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळात जमा केलेल्या रकमेवर सरकारने २८ टक्के जीएसटी लावला. कोणतीही दुकानदारी या हिशेबावर आमच्या बापाने केली नसती.

२०२५ च्या जुलैमध्ये विधिमंडळाच्या सभागृहात बसलेल्या एका मंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याची चित्रफीत गाजली. मंत्र्यांनी आरोप नाकारला, आपण खेळत नव्हतो असे सांगितले. त्यावर आम्ही काही बोलत नाही. मात्र पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. खेळ नशिबाचा की डोक्याचा, ही पळवाट त्यात ठेवलेली नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैसे न लावता खेळायच्या खेळांना मज्जाव नाही. म्हणजे सिगालाला जो भेद सांगितला होता, तोच बराचसा या कायद्याने धरला. पण कायदा झाला म्हणून जुगार गेला असे समजणारे लोक मटक्याचा इतिहास विसरतात. चोरवाटा निघतातच. तेव्हा पाहारा घरातच पाहिजे.

पाहारा कसा करायचा, तर खेळाला तीन प्रश्न विचारा. पैसे मागतो का? फुकट म्हणून घेतलेले बरेच खेळ नंतर तलवारीला दहा रुपये, जिवाला वीस रुपये मागू लागतात. मुलाच्या हाती बापाच्या खात्याला जोडलेला मोबाईल असेल तर हे फार जपा. दुसरे, तुमच्यासाठी थांबतो का? अर्ध्यात जेवायला उठवले तर "थांब, हरेन" असे मूल ओरडत असेल, तर तो ओढणारा खेळ आहे. पाळीपाळीच्या खेळात असे ओरडायचे कारण नसते. आणि तिसरे, हरल्यावर मूल काय करते? रागाने मोबाईल आपटते, की कुठे चुकले ते आठवून सांगते?

घोडेगावचा तो मुलगा आम्हाला आपला मागचा डाव सांगत होता. "तिथं उडी मारली नसती, ढालीनं ढकललं असतं, तर तो बाँबवर गेला असता." बापाच्या दुकानातला तोटा कुठून आला हे असे सांगता येणारी मुले आपल्याला हवी आहेत. पण भाबडेपणा नको. या खेळातही "अजून एक डाव" म्हणत रात्रीचा एक वाजतो. डोळे जातात, अभ्यास जातो. पैसे जात नाहीत म्हणून वेळ फुकटचा होत नाही. तथागतांनी ज्याला प्रमाद म्हटले तो पैशाशिवायही होतो.

आणि एक उणीव आमच्या मनात राहतेच. हा खेळ एकट्याचा आहे. समोर माणूस नाही.

आपल्या भागात पाळीपाळीने खेळायचे खेळ दगडावर कोरलेले आहेत, हे किती जणांना माहीत आहे? जुन्नरहून पश्चिमेला घाटघरच्या पुढे नाणेघाट लागतो. कल्याण-सोपाऱ्याकडून आलेला माल या घाटाने जुन्नरला चढत असे. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण तिथे आहे. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे, त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंची, घोड्यांची, नाण्यांची लांबलचक यादी आहे. अभ्यासकांना या नाणेघाटात कातळावर कोरलेले पटखेळही सापडले आहेत. दोन ओळींत खोदलेले लहान लहान खळगे आहेत, ज्यांत गोटे किंवा चिंचोके वाटत पुढे जायचे. जगभर त्याला 'मंकला' म्हणतात, आफ्रिकेत तो घरोघर खेळतात. महाराष्ट्रातल्या इतर लेण्यांतही असे पट मिळाले आहेत.

हे कोणी कोरले? भिक्खूंनी कोरले असे म्हणायला आधार नाही. लेणे दोन हजार वर्षांचे म्हणून त्याच्या फरशीवरचा पटही तेवढाच जुना असेही नाही. नंतरच्या हजार-दीड हजार वर्षांत तिथे कोण कोण टेकले असेल. तांड्याची वाट पाहणारा व्यापारी, बैलांना दम देणारा हमाल, पावसात अडकलेला गुराखी. राणीच्या लेखात यांच्यापैकी कोणाचे नाव नाही. जुन्नरच्या लेण्यांत मात्र कष्टकऱ्यांची आठवण आहे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेवून तिच्या व्याजावर धर्मकार्य चालावे, असा लेख आहे. आजच्या भाषेत बुरूड आणि कासार यांच्या पतपेढ्याच त्या! त्या लोकांच्या कामाला वेळापत्रक होते, तसा रिकामा वेळही असणारच. रिकाम्या वेळी माणूस दगडावर खळगे पाडून समोरच्याला म्हणतो, "चल, तुझी पाळी."

एक विनंती इथेच करून ठेवतो. मुलांना लेण्याद्रीला, तुळजा लेण्यांना, नाणेघाटाला जरूर न्या. तुळजा लेण्यांतला बारा खांबांचा गोल चैत्य दाखवा. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त, हे नाव पाठ करून घ्या. शेजारच्या ज्या मोठ्या विहारात आज गणपती आहे, त्याच्या भिंतींतल्या भिक्खूंच्या खोल्या मोजायला सांगा. पण दगडावर नवा पट कोरू नका, खडूने रंगवू नका, आपले नाव तर मुळीच लिहू नका. संरक्षित स्मारकाची खराबी करणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'जय भीम' कोरले तरी तो गुन्हाच आहे.

वाघ-बकरी तर अजून काही म्हाताऱ्यांच्या हातात आहे. रेघांच्या पटावर वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला मारता येत नाही, फक्त उभे राहता येते. म्हणून एकटी बकरी कधीच जिंकत नाही. दोन बकऱ्या अशा उभ्या राहिल्या की मागे रिकामे घर नाही, तर वाघाची उडी अडते. चारी बाजूंनी अडला की वाघ हरला. बिबट्याच्या मुलखात हा खेळ टिकावा यात नवल नाही, आणि संघटनेचे महत्त्व सांगायला आम्हाला यापेक्षा सोपे भाषण सापडलेले नाही.

गेल्या वर्षावासात आम्ही आमच्याकडच्या एका विहारात वाचनानंतर तासभर पट मांडून पाहिले. वह्यांच्या पुठ्ठ्यावर रेघा, सोंगट्यांच्या जागी चिंचोके आणि शर्टाची बटणे. पहिल्या रविवारी सहा मुले आली, त्यांतली एक मुलगी. तिसऱ्या रविवारी मुली जास्त होत्या. घोडेगावचा तो मुलगाही पाहुणा म्हणून आला आणि नवकंकरीत एका आजींकडून सलग तीनदा हरला. आजींना लिहिता-वाचता येत नाही. पोरगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, तुम्ही चार चाली पुढचं बघता." आजी म्हणाल्या, "बाबा, आमचं सगळं आयुष्यच असं बघण्यात गेलं."

ज्यांना घरी मांडायचे असेल त्यांच्यासाठी नवकंकरीची रीत देतो. एका पुठ्ठ्यावर एकात एक असे तीन चौकोन काढा. चारही बाजूंच्या मध्यावर तिन्ही चौकोनांना जोडणारी एकेक रेघ मारा. कोपरे आणि मध्य मिळून चोवीस ठिकाणे होतात. दोघांनी नऊ-नऊ सोंगट्या घ्यायच्या, एकाने चिंचोके, दुसऱ्याने बटणे. आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या ठिकाणी ठेवत जायची. एका रेघेवर लागून आपल्या तीन आल्या की समोरच्याची एक उचलायची, मात्र त्याच्या जुळलेल्या तीनमधली उचलायची नाही, दुसरी नसेल तरच ती. सगळ्या ठेवून झाल्या की रेघेवरून शेजारच्या रिकाम्या ठिकाणी एकेक सरकवायची. ज्याच्या दोनच उरल्या किंवा ज्याला सरकायला जागा राहिली नाही, तो हरला. चाल करायला कितीही वेळ लागला तरी समोरच्याने घाई करायची नाही.